प्राणीगृहासाठी पशुवैद्य कसा घडवावा : गोव्यातील संस्थांसाठी वर्षभराचा आराखडा

गोव्यात पशुवैद्य म्हटले की दूध सोसायटीच्या आवारात गायीला रेतन करणारा, किंवा वाड्यावाड्यांवर फिरून कुत्र्यांना रेबीजची लस टोचणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पांढऱ्या उंदरांच्या खोलीत, तोंडावर मास्क लावून पिंजऱ्यांच्या रांगेपुढे उभा असलेला पशुवैद्य सहसा कोणाला आठवत नाही. राज्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण आहे, विद्यापीठ आहे, वेर्णे आणि कुंडईसारख्या वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. आणि जिथे प्राण्यांवर प्रयोग होतात तिथे कायद्याने पशुवैद्य लागतोच. तो पुष्कळदा बाहेरून बोलावला जातो, प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीच्या बैठकीत चहा घेतो, कागदावर सही करतो आणि आपल्या दवाखान्यात परततो. मीही सुरुवातीची काही वर्षे अशाच सह्या केल्या आहेत, त्यामुळे हे कोणाला टोमणा म्हणून लिहिलेले नाही.

पुढे प्राणीगृहाची, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी पाळण्याच्या जागेची, पूर्णवेळ जबाबदारी अंगावर आली आणि हाताखाली तरुण पशुवैद्य तयार करण्याची वेळ आली, तेव्हा लक्षात आले की इंजेक्शन, भूल, रक्त काढणे ही कामे तीन महिन्यांत शिकवता येतात. पण पिंजऱ्याकडे पाहणे आणि वेळ आली तर प्रयोग थांबवणे या दोन गोष्टी शिकवायला वर्ष लागते. खालील आराखडा त्या हिशेबाने मांडला आहे. उंदीर, रॅट, ससे आणि गिनीपिग असलेल्या लहान किंवा मध्यम आकाराच्या प्राणीगृहासाठी तो पुरेसा आहे. येथे ‘उंदीर’ म्हणजे माऊस असे समजावे. मराठीत माऊस आणि रॅट या दोघांनाही उंदीरच म्हणतात, आणि त्यामुळे खरेदीच्या नोंदवहीत होणारे घोळ मी स्वतः निस्तरले आहेत.

कोणाला निवडावे

पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते. त्यात प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या वाट्याला येणारा भाग थोडा असतो, आणि तो परीक्षा संपताच विसरला जातो. मी १८८६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. तिथून बाहेर पडताना मला म्हशीचा बाहेर आलेला गर्भाशय आत बसवता येत होता, पण उंदराच्या शेपटीतली शीर सापडत नव्हती. तरीही माझे मत असे आहे की पदवी घेऊन थेट प्राणीगृहात आलेल्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षे गावोगाव हिंडलेला पशुवैद्य निवडावा.

याचे कारण असे की एका प्राण्याचे औषध दुसऱ्याला तसेच्या तसे लागू पडत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. झायलाझिन हे गुंगीचे औषध घ्या. घोड्याला ते प्रतिकिलो सुमारे १ मिलिग्रॅम लागते, गायीला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पुरते, आणि उंदराला केटामिन या भुलीच्या औषधासोबत देताना प्रतिकिलो १० मिलिग्रॅमपर्यंत द्यावे लागते. गाय आणि उंदीर यांच्यात शंभरपटीचा फरक आहे. ‘प्राण्यावर जे घडले ते माणसात घडेल का’ हा ट्रान्सलेशनल संशोधनाचा मूळ प्रश्न अशा पशुवैद्याला नव्याने समजावून सांगावा लागत नाही. तो गोठ्यातून कुत्र्याकडे आणि कुत्र्याकडून शेळीकडे जाताना हेच करत आलेला असतो.

मात्र त्याच्या काही सवयी मोडाव्या लागतात. तापलेले जनावर दिसले की पेनिसिलीनकडे हात जाणे ही त्यातली पहिली. गिनीपिग आणि हॅमस्टर यांच्या आतड्यातल्या जंतूंचा समतोल पेनिसिलीनमुळे बिघडतो, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू वाढतो आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. दुसरी सवय अधिक खोल असते: समोरच्या एका रुग्णाचा विचार करणे. प्राणीगृहात रुग्ण म्हणजे अख्खी खोली असते. एका पिंजऱ्यातला एक उंदीर आजारी असेल तर त्याच्यावर उपचार करायचे की नाहीत, हा प्रश्न त्या उंदराइतकाच उरलेल्या चारशे उंदरांचा आणि त्यांच्यावर चाललेल्या प्रयोगाचाही असतो. पहिल्या मुलाखतीत मी उमेदवाराला हाच प्रसंग सांगतो आणि तो काय विचारतो ते ऐकतो. लगेच औषधाचे नाव सांगणाऱ्यापेक्षा ‘हा उंदीर कोणत्या गटातला आहे?’ असे विचारणारा मला अधिक भावतो.

पहिले सहा आठवडे : हातात सिरिंज नाही

या काळात प्रशिक्षणार्थीने प्राणीगृहातील सेवकांबरोबर काम करावे आणि त्यांच्याच वेळा पाळाव्यात. पिंजरे बदलणे, धुणे, ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे वाफेने निर्जंतुक केलेला भाताचा तूस पिंजऱ्यात पसरणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, पेलेट म्हणजे खाद्याच्या गोळ्या मोजून घालणे ही कामे त्याने स्वतः करावीत. पदवीधर डॉक्टरला हे कमीपणाचे वाटते, आणि काही संस्थाप्रमुखांनाही वाटते. पण पाण्याच्या बाटलीची नळी गळून रात्रभरात तूस भिजला की उंदरांची पिल्ले थंडीने मरतात, आणि नळीत हवेचा बुडबुडा अडकला की बाटली भरलेली दिसूनही प्राणी तहानेने मरतो. या दोन गोष्टी ज्याने स्वतः बाटल्या उलट्या करून पाहिल्या आहेत त्यालाच सकाळच्या फेरीत दिसतात.

रोज सकाळी, पिंजऱ्याला हात न लावता, एका रांगेपुढे दहा मिनिटे उभे राहून दिसेल ते वहीत लिहायचे, हा या काळातला मुख्य अभ्यास. पहिल्या आठवड्यात वहीत ‘सर्व ठीक’ असे लिहिलेले सापडते. तिसऱ्या आठवड्यात ‘डावीकडून चौथ्या पिंजऱ्यात घरटे विस्कटलेले, एक उंदीर घरट्याबाहेर, केस उभे’ असे येऊ लागते. उंदीर हा शिकार होणारा प्राणी असल्याने तो दुखणे लपवतो. माणूस जवळ येताच तो हालचाल करू लागतो आणि निरोगी वाटतो. म्हणून दारातून पाहिलेला उंदीर आणि झाकण उघडून पाहिलेला उंदीर यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

वेदना ओळखण्यासाठी चेहऱ्याची मोजपट्टी शिकवावी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या उंदराच्या ‘ग्रिमेस स्केल’मध्ये पाच खुणा आहेत: डोळे बारीक होणे, नाकावर फुगवटा येणे, गालावर फुगवटा येणे, कानांची ठेवण बदलणे आणि मिशा नेहमीची जागा सोडून पुढे किंवा मागे ओढल्या जाणे. प्रत्येक खुणेला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे असतात. दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच उंदराला गुण द्यावेत आणि मग वह्या जुळवाव्यात. गुण जुळेपर्यंत रोज हा सराव चालू ठेवावा.

आमच्याकडचे एक ज्येष्ठ सेवक शाळेत फारसे गेलेले नव्हते. एका सकाळी त्यांनी नव्या डॉक्टरला दारातच थांबवून सांगितले, “डॉक्टर, आज हे बरे दिसनात.” कोणते, असे विचारल्यावर त्यांनी एका शेल्फकडे बोट दाखवले, काय बिघडले आहे ते मात्र त्यांना सांगता येईना. प्रशिक्षणार्थीने पिंजरे उघडून पाहिले, सगळे हिंडत-फिरत होते. वजने घेतली तेव्हा कळले की त्या शेल्फवरचे रॅट दोन दिवसांत सरासरीने घटले होते, आणि शोध घेता घेता पेलेटच्या नव्या पोत्याला आतून बुरशी लागल्याचे निघाले. सेवकाचे न सांगता येणारे ज्ञान वजनाच्या आकड्यात कसे उतरवायचे, हे त्या दिवशी त्या मुलाला समजले. सेवकांना ‘दादा’ म्हणून बोलवावे आणि त्यांच्या तोंडी सूचनेसाठी वहीत वेगळा रकाना ठेवावा, हा नियम मी तेव्हापासून केला.

कायदा : आधी वाचून, मग बैठकीत बसून

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्याखालील प्रयोगविषयक नियम १९९८ चे. २००१ आणि २००६ साली त्यांत दुरुस्त्या झाल्या. प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणारी, पूर्वी सीपीसीएसईए या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय समिती आता सीसीएसईए म्हणून ओळखली जाते. संस्थेची नोंदणी तिच्याकडे असावी लागते आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. या समितीत शास्त्रज्ञांबरोबर प्राण्यांची देखभाल पाहणारा पशुवैद्य, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरचा सामाजिक जाण असलेला सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रस्ताव केंद्राकडे पाठवावे लागतात.

हे सगळे वाचायला एक आठवडा पुरतो. प्रशिक्षणार्थीकडून पाठ करून घ्यावे ते नियमांतले तीन आग्रह: सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य निष्कर्ष मिळेल इतके, म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळीला पुरेसे, पण कमीत कमी प्राणी वापरावेत, पर्यायी पद्धत उपलब्ध असूनही वापरली नसेल तर त्याचे कारण द्यावे, आणि प्रयोगानंतरच्या देखभालीची जबाबदारी संस्थेने घ्यावी. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली पर्याय, घट आणि सुधारणा ही त्रिसूत्री या नियमांच्या मुळाशी आहे. आपल्याकडे त्यात पुनर्वसनाची चौथी गोष्ट जोडली गेली.

हात बसवणे

उंदीर शेपटीने उचलायची आपल्याकडे रूढ पद्धत आहे. ती नव्या माणसाला शिकवूच नये. ओंजळीत किंवा प्लास्टिकच्या नळीत घेऊन उचललेले उंदीर कमी घाबरतात, हे २०१० पासून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. आणि घाबरलेल्या उंदराची साखर, हृदयाची गती, वागणूक सगळेच बदलते, म्हणजे शेवटी संशोधकाचे आकडे बदलतात. ससा उचलताना मागचे पाय आधाराविना सोडले तर तो जोरात लाथ मारतो आणि स्वतःच्याच ताकदीने कमरेचा मणका मोडून घेतो. हे मी तोंडी सांगून थांबत नाही. पहिले दोन दिवस कापडाच्या गाठोड्यावर पकड शिकवतो.

रक्त काढण्याआधी हिशेब आला पाहिजे. २५ ग्रॅमच्या उंदरात साधारण २ मिलिलीटरपेक्षा किंचित कमीच रक्त असते, आणि एका वेळी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे फार तर ०.२ मिलिलीटर काढावे. पुढची मोठी खेप दोन आठवड्यांनंतर. संशोधक ‘थोडे जास्त मिळाले तर बरे’ असे म्हणतोच. तेव्हा पशुवैद्याने त्याला माणसाच्या भाषेत सांगावे: पाच लिटर रक्ताच्या माणसातून अर्धा लिटर काढल्यासारखे हे आहे, याहून जास्त नाही.

भुलीचे मिश्रण प्रशिक्षणार्थीने स्वतः बनवावे. बाजारातले केटामिन मिलिलीटरमागे ५० मिलिग्रॅम आणि झायलाझिन २० मिलिग्रॅम या तीव्रतेचे असेल, तर २ मिलिलीटर केटामिन, ०.५ मिलिलीटर झायलाझिन आणि ७.५ मिलिलीटर निर्जंतुक सलाईन मिळून १० मिलिलीटर होतात. या द्रावणाचे १० ग्रॅम वजनामागे ०.१ मिलिलीटर पोटाच्या पोकळीत टोचले, की प्रतिकिलो १०० मिलिग्रॅम केटामिन आणि १० मिलिग्रॅम झायलाझिन जाते. पातळ न करता हेच केटामिन २५ ग्रॅमच्या उंदराला द्यायचे म्हटले तर अवघे ०.०५ मिलिलीटर लागेल, आणि इतके थोडे औषध अचूक मोजणे सरावलेल्या हातालाही जमत नाही. बाटलीचा छाप दर वेळी वाचावा, कारण झायलाझिन वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. केटामिन नियंत्रित औषध आहे. त्याची नोंदवही आणि कुलूप पहिल्या दिवसापासून प्रशिक्षणार्थीच्या डोळ्यांदेखत असावे.

भूल दिलेला उंदीर औषधाने मरण्यापेक्षा थंडीने जास्त मरतो. शरीराच्या मानाने त्याची त्वचा फार, त्यामुळे एसीच्या खोलीत स्टीलच्या टेबलावर ठेवलेला उंदीर काही मिनिटांत गार पडतो. गरम पॅड आणि डोळ्यांत मलम यांशिवाय शस्त्रक्रिया सुरू करू देऊ नये. उंदीर आणि रॅट यांना उलटी होत नाही, म्हणून कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नसते; रात्रभर उपाशी ठेवलेला उंदीर साखर घसरून टेबलावर येतो. शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशामक आधी द्यायचे, दुखणे दिसू लागल्यावर नाही.

खोली, पावसाळा आणि चवथ

मार्गदर्शक सूचनांनुसार खोलीचे तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के आणि हवेचे तासाला १२ ते १५ बदल असावेत. पुस्तकात ही एक ओळ आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर ही एक लढाई असते. बाहेर आर्द्रता नव्वदीच्या घरात गेली की तूस दमट राहतो, त्यातले जंतू मूत्रापासून भराभर अमोनिया करतात आणि प्राण्यांच्या श्वासमार्गाला इजा होते. म्हणून पावसाळ्यात पिंजरे बदलण्याचे वेळापत्रक वेगळे ठेवावे, पेलेटची पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावीत, आणि एका वेळी कमी साठा मागवावा. पावसात रानटी उंदीर आणि घुशी आसरा शोधत आत शिरतात. लेप्टोस्पायरोसिस काय असतो हे गोव्यात शेतकऱ्यालाही सांगावे लागत नाही. दाराखालची फट बंद आहे की नाही हे पशुवैद्याने वाकून पाहावे.

एकदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुट्टीत घडलेला प्रकार येथे सांगतो. संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही. सगळे आपापल्या मूळ घरी गेलेले, सुट्टीच्या पाळीतला सेवक रोज येऊन चारा-पाणी करून जात होता. विजेच्या लपंडावात दिव्यांचे टायमर अडकले आणि खोलीतले दिवे तीन दिवस-रात्र चालू राहिले. सेवक दिवसा येत असल्याने त्याला दिवे चालूच दिसायला हवे होते, आणि ते दिसले. चौथ्या दिवशी सगळे व्यवस्थित वाटले. पुढचे काही आठवडे माद्या गाभण राहिनात, आणि एका विद्यार्थिनीच्या प्रयोगातले साखरेचे आकडे कशातच बसेनात. कारण सापडले ते तापमानाच्या नोंदयंत्रावरून: दिवे बंद झाल्यावर रात्री जी अर्ध्या अंशाची घसरण व्हायची ती त्या तीन रात्री झालेली नव्हती. तेव्हापासून मी प्रशिक्षणार्थीला रात्री दहा वाजता एकदा तरी प्राणीगृहात पाठवतो, आत न जाता, दारावरच्या काचेतून अंधार आहे की नाही एवढेच पाहायला. जनरेटरची चाचणीही मे महिन्यात, वीज प्रत्यक्ष बंद करून घ्यावी. बटण दाबून घेतलेली चाचणी खरी नव्हे.

रोगनिरीक्षणाबद्दल थोडक्यात. बाहेरून आलेले प्राणी वेगळ्या खोलीत ठेवावेत. प्रत्येक खोलीत काही ‘पहारेकरी’ प्राणी ठेवून त्यांना इतर पिंजऱ्यांतला वापरलेला तूस द्यावा आणि दर तीन महिन्यांनी त्यांची तपासणी करावी. शेपटीखाली पारदर्शक चिकटपट्टी लावून सिफेशिया या सूतकृमीची अंडी पाहणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. गिनीपिगला क जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. पेलेटवरची उत्पादनाची तारीख पाहावी, कारण हे जीवनसत्त्व साठवणीत, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, नाहीसे होत जाते. आणि माणसांचेही निरीक्षण करावे: उंदरांच्या मूत्रातील प्रथिनांची ॲलर्जी सुरुवातीला साध्या शिंकांनी येते आणि दुर्लक्ष केले तर दमा होऊन बसते.

प्रस्ताव वाचणे

सहाव्या महिन्यापासून प्रशिक्षणार्थीने नीतिसमितीपुढे येणारा प्रत्येक प्रस्ताव वाचावा, प्रश्न लिहावेत आणि बैठकीआधी संशोधकाशी बोलावे. बैठकीत अडवण्यापेक्षा आधी बोललेले बरे. संशोधक आपला शत्रू नसतो, त्याला बहुधा पदवीची मुदत गाठायची असते.

एक नमुना पाहू. भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीचा अर्क सूज कमी करतो का, हे तपासण्यासाठी एका काल्पनिक विद्यार्थ्याने ६० रॅट मागितले आहेत: १२ रॅटचे पाच गट. रॅटच्या मागच्या पंजात कॅराजीननचे एक टक्क्याचे द्रावण ०.१ मिलिलीटर टोचायचे, सूज आणायची आणि ठरावीक तासांनी पंजाचे आकारमान मोजायचे. ही फार्मसीतली जुनी, सर्वमान्य पद्धत आहे, आणि म्हणूनच प्रस्ताव नक्कल करून लिहिलेला असण्याची शक्यता मोठी.

पहिला प्रश्न संख्येचा. ढोबळ तपासणीसाठी एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करावी. उत्तर १० ते २० च्या दरम्यान आले तर संख्या साधारण योग्य. येथे ६० मधून ५ गेले, ५५ उरले. पाच गटांत प्रत्येकी ५ रॅट घेतले तर २५ वजा ५, म्हणजे २०. हा शेवटचा शब्द नव्हे. आधीच्या कामातून फरकाचा आणि विखुरणीचा अंदाज मिळत असेल तर रीतसर नमुनासंख्या काढावी. पण १२ हा आकडा कुठून आला, असे विचारायला एवढे गणित पुरते. ‘सगळे तेवढेच घेतात’ हे उत्तर मी कितीदा ऐकले आहे याची मोजदाद ठेवलेली नाही.

दुसरा प्रश्न मात्रेचा. प्राण्यापासून माणसाकडे जाताना नुसत्या वजनाच्या प्रमाणात जाता येत नाही, शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरावा लागतो. त्यासाठी रूढ असलेले गुणक असे: उंदीर ३, रॅट ६, प्रौढ माणूस ३७. समजा, ६० किलोचा माणूस या अर्काचे ५०० मिलिग्रॅम घेतो असे गृहीत आहे, म्हणजे प्रतिकिलो ८.३ मिलिग्रॅम. रॅटसाठी त्याला ३७ ने गुणून ६ ने भागले की प्रतिकिलो सुमारे ५१ मिलिग्रॅम येतात. प्रस्तावात प्रतिकिलो १,००० मिलिग्रॅम लिहिलेले असेल, तर माणसाच्या बाजूला तो आकडा दिवसाला जवळजवळ १० ग्रॅम अर्क इतका होतो. इतका अर्क कोणी घेणार नसेल, तर त्या गटातले रॅट कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहेत, हे संशोधकाने सांगावे. झायलाझिनची गाय आणि उंदीर ज्याला आठवतात तो पशुवैद्य हा प्रश्न विचारताना अडखळत नाही.

तिसरा प्रश्न वेदनेचा, आणि तो अवघड आहे. वेदनाशामक दिले तर सूजही कमी होते आणि प्रयोगच निरर्थक होतो, हे संशोधकाचे म्हणणे खरे असते. मग एकच पंजा वापरायचा, मोजमाप संपताच प्राण्याचा त्रासही संपवायचा, रॅट पाय अजिबात टेकत नसेल किंवा चेहऱ्याचे गुण ठरलेल्या मर्यादेवर गेले तर त्याला प्रयोगातून काढायचे, आणि ही मर्यादा प्रयोग सुरू होण्यापूर्वी आकड्यात लिहायची. ‘गरज पडल्यास पशुवैद्याचा सल्ला घेतला जाईल’ या वाक्याला मी मंजुरी देत नाही.

चौथा प्रश्न कोणता रॅट कोणत्या गटात गेला हे कसे ठरवले आणि मोजणाऱ्याला गट माहीत आहे का, हा. पिंजऱ्यातून हाताला पहिला लागतो तो रॅट सहसा सुस्त असतो. असे पहिले पाच उचलले तर एक गट आपोआप सुस्त रॅटांचा होतो. चिठ्ठ्या टाकायला पैसे लागत नाहीत. अहवाल लिहिताना काय नोंदवावे याची २०२० साली सुधारून आलेली ‘अराइव्ह’ यादी प्रस्तावाच्या वेळीच संशोधकाच्या हाती द्यावी.

प्राण्याकडून माणसाकडे, आणि उलट

ट्रान्सलेशनल संशोधन शिकवताना यशापेक्षा फसलेले प्रयोग आधी शिकवावेत. मार्च २००६ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. मात्रा माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी होती. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले, पण अनेक अवयव निकामी होण्यापर्यंत वेळ आली. नंतरच्या अभ्यासात दिसले की रोगप्रतिकारक स्मृतिपेशींवरच्या ज्या रेणूवर हे औषध माणसात झडप घालते, माकडात त्या पेशींवर तो रेणूच नसतो. मात्रेचे गणित चुकलेले नव्हते; प्राणी चुकला होता. थॅलिडोमाइडचे तसेच: उंदीर-रॅट त्याला फारसे दाद देत नाहीत, सशाच्या पिल्लांत मात्र व्यंग दिसते. प्रशिक्षणार्थीने प्रत्येक प्रस्तावात ‘हाच प्राणी का?’ हा प्रश्न याच आठवणीने विचारावा.

आपल्या मातीतली दोन उदाहरणे हाताशी आहेत. गोव्यात २०१४ पासून ‘मिशन रेबीज’च्या मोहिमेत मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांचे लसीकरण झाले. ती लस टोचणाऱ्या पशुवैद्याला विचारावे की लसीची ताकद कशी मोजतात. जुनी मान्य चाचणी उंदरांवर आहे: दोन वेळा लस, चौदाव्या दिवशी मेंदूत विषाणू, पुढे चौदा दिवस निरीक्षण, आणि लस न मिळालेल्या उंदरांचे मरण. ही अठ्ठावीस दिवसांची चाचणी काढून त्याजागी नळीतली प्रथिनमापनाची चाचणी आणण्याचे काम जगभर चालू आहे. त्रिसूत्रीतला ‘पर्याय’ म्हणजे काय, हे याहून जवळचे उदाहरण देऊन सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण माकडतापाचे. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा आजार २०१५ च्या सुमारास गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पोचला आणि काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना गोचिडांमधून होऊ लागला. येथे माकड ही प्रयोगातली सोय नव्हे, स्वतःच बळी आहे. रानात मेलेले माकड हीच पहिली सूचना असते. अशा विषाणूवरचे प्राणीप्रयोग उच्च जैवसुरक्षेच्या मोजक्याच प्रयोगशाळांत करता येतात, आपल्या प्राणीगृहात नव्हे. पण वाळपईकडचा पशुवैद्य, जंगल खाते आणि आरोग्य केंद्र यांच्यात बातमी कशी फिरते, कोणता नमुना कोणी आणि कोणत्या बर्फात पाठवायचा, हे प्रशिक्षणार्थीने एका हंगामात जाऊन पाहावे. ट्रान्सलेशनल संशोधनाचा प्रश्न पुष्कळदा प्रयोगशाळेत नाही, अशा बागायतीत जन्मतो.

भारतात २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशीसंवर्धन, चिपवरचे अवयव (चिपवर वाढवलेल्या पेशींनी केलेली अवयवाची नक्कल), संगणकीय प्रारूपे यांना प्राणीचाचणीच्या जोडीने किंवा तिच्याऐवजी जागा मिळाली. प्राणीगृहातल्या पशुवैद्याने याला धंद्यावरचे संकट मानू नये. कोणता प्रश्न चिपला विचारता येतो आणि कोणता नाही, हे सांगणारा माणूस तोच असला पाहिजे.

बाहेर पाठवणे

नवव्या-दहाव्या महिन्यात प्रशिक्षणार्थीला मोठ्या केंद्रात पाठवावे. हैदराबादला आयसीएमआरची प्राणी-संसाधन सुविधा आहे, चेन्नईच्या तामिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठात प्रयोगशाळा-प्राणी वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या संस्थेत कर्करोग संशोधनासाठीच्या उंदरांची मोठी वसाहत आहे. पुढे प्रयोगशाळा-प्राणी वैद्यकाच्या अमेरिकेतील मंडळाची परीक्षा द्यायची असेल तर रेसिडेन्सी किंवा काही वर्षांचा अनुभव आणि प्रथम लेखक म्हणून प्रसिद्ध झालेला शोधनिबंध लागतो, तेव्हा त्या निबंधाची तयारी इथेच सुरू करावी. रोगनिरीक्षणाच्या नोंदींतूनही चांगला निबंध होतो.

मरणाची पायरी

हा भाग मी मुद्दाम उशिरा ठेवतो. कार्बन डायऑक्साइड वापरायचा असेल तर तो पेटीत हळूहळू, मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के या गतीने सोडावा. आधीच भरलेल्या पेटीत प्राणी टाकू नये. नवजात पिल्ले या वायूला खूप वेळ तग धरतात, त्यामुळे ती मेली असे समजून पिशवीत बांधलेली पिल्ले नंतर हलताना सापडली, असे प्रसंग घडतात. दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय खोली सोडायची नाही. आणि ज्या हाताने सहा महिने ओंजळीत उचलले त्याच हाताने हे करावे लागते, याचा भार येतो; प्रशिक्षणार्थी त्या दिवशी जेवत नाही, किंवा जास्त विनोद करतो. दोन्ही खुणा ओळखाव्यात, दुसऱ्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्यावे आणि सेवकांच्या बाबतीतही हीच पाळी ठेवावी.

जबाबदारी सोपवणे

बाराव्या महिन्यात लेखी परीक्षा घेऊ नये. प्रशिक्षणार्थीची वही, त्याने वाचलेले प्रस्ताव आणि त्यावरचे त्याचे शेरे समोर ठेवावेत, आणि वर्षभरात त्याने किमान एकदा तरी चालू प्रयोग थांबवला आहे का, कोणत्या नोंदीच्या आधारे थांबवला आणि संशोधकाला ते कसे सांगितले, हे विचारावे. एकदाही थांबवला नसेल तर आणखी तीन महिने द्यावेत. थांबवला असेल, तर केटामिनच्या कपाटाची दुसरी किल्ली, नीतिसमितीतली जागा आणि जून ते सप्टेंबरच्या रात्रपाळीचा फोन त्याच्या हाती द्यावा.